घरी खडाखडा कविता म्हणतो, कॅमेरा लावला की गप्प

हा प्रश्न पालकांकडून मला सारखा येतो. "मॅडम, कविता तोंडपाठ आहे, घरात फिरता फिरता मस्त म्हणतो, पण ऑनलाइन क्लासमध्ये सरांनी नाव घेतलं की तोंडच उघडत नाही, याच्यात डेअरिंगच नाही का?" अशाच एका आठवीतल्या मुलाबद्दल लिहितेय. घरच्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा लिहायचा छान. गच्चीवरची टाकी भरून वाहते त्यावर चार ओळी केल्या होत्या आणि चौथी अर्ध्यातच तोडलेली, का तर तिथे आई मोटर बंद करते! मला ते फार आवडलं, तसं त्याला सांगितलंही. मग विचारलं, क्लासमध्ये म्हणताना नेमकं होतं काय? तर म्हणाला, "मी मलाच दिसतो. ओठ कसे हलतायत तेच बघत बसतो आणि पुढची ओळ जाते. बाकी सगळे म्यूट, कोणी हसत पण नाही. आणि बाबा शेजारी बसून मोबाईलवर शूटिंग करतात."

आता सांगा, यात डेअरिंगचा काय संबंध? विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव कविता वाचायचे तेव्हा समोर माणसं असायची, दाद लगेच कानावर यायची. या पोराला दाद नाही, वर स्वतःचाच चेहरा समोर. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात सतत स्वतःला बघत राहणं हेही आहे, आणि ते मोठ्या माणसांनाही जड जातं.

पहिलं काम, झूममधलं 'हाइड सेल्फ व्ह्यू' चालू केलं, म्हणजे तो इतरांना दिसतो पण स्वतःला नाही. बाबांना शूटिंग बंद करायला सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. व्हिडिओ स्टेटसला टाकायचा तर आधी त्याला विचारायचं, हेही ठरलं. सरांशी बोलून दोन मुलांचे माइक चालू ठेवले, त्यांनी मध्येच हूं, वा असं म्हणायचं. सगळ्यांचे माइक उघडले तर कल्ला होतो आणि आवाज मागेपुढे येतो, म्हणून दोघंच.

घरी मात्र मी वेगळंच करायला लावलं. आईबरोबर मटार सोलत बसायचं आणि हात चालू ठेवून कविता म्हणायची, चुकली तरी टोकायचं नाही. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, घरशेतातली कामं करताना त्यांना गाणी सुचायची, मुलाने सोपानदेवांनी ती लिहून ठेवली म्हणून १९५२ मध्ये संग्रह आला. हात कामात असले की मुलांचं लक्ष स्वतःवरून हटतं, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय. मग फक्त ऑडिओ रेकॉर्ड करायचा, आणि तो जमला की उभं राहून कॅमेऱ्यासमोर. कागदावर पेन्सिलने थांबायच्या जागी रेघा मारल्या, कारण घाईत तो मोटर बंद होते तिथला थांबाच खाऊन टाकायचा.

पुढे त्याने टाकीची कविता क्लासमध्ये म्हटली, मध्ये अडखळला आणि ती ओळ परत घेतली. आईचं म्हणणं होतं अडखळायला नको होतं. मला विचाराल तर परत घेतली हेच जास्त मोलाचं.

पण मूल शाळेत, मित्रांत, नातेवाइकांतही बोलणं टाळत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर नुसत्या सेटिंगने भागणार नाही, समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा. जवळपास कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.