नेढं नसलेली सुई

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय: 'शेजारच्या काकूंकडे क्रोशा शिकते आहे. त्या हातातल्या आकड्याला सुई म्हणतात, पण तिला नेढंच नाही. मग ती सुई कशी? आकडी म्हटलं तर?'

प्रश्नात 'नेढं' वाचून फार बरं वाटलं. हल्ली सगळे 'सुईचं भोक' म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, रतनगडाच्या माथ्यावरही आहे, आणि दोन्हींना नेढंच म्हणतात. घरातल्या सुईवरून एवढ्या थोरल्या खडकाला नाव देणारी भाषा आपली आहे.

आता सुईकडे वळू. नेढं असेल तरच सुई, असा मराठीचा आग्रह कधीच नव्हता. स्वेटरच्या दोन सुयांना नेढं कुठे असतं? शिलाई मशीनच्या सुईला ते असतं, पण टोकाशी. डॉक्टरची सुई तर पोकळ नळी. सूचिपर्णी झाडांच्या पानांत दोरा ओवायचा प्रश्नच नाही. संस्कृत 'सूची'पासून या शब्दात मुख्य आहे ते अणकुचीदार टोक.

पण इथेच खरी अडचण आहे. क्रोशाच्या सुईचं टोक गोलसर, ती कशालाच भोसकत नाही. म्हणजे नेढं नाही आणि अणीही नाही. तरी ती सुईच, कारण हातात धरून दोरा खेळवणारी बारीक काडी म्हणजे सुई, असं बायकांनी कामावरून ठरवलं. मला हा निकष पटतो.

कापड भोसकणारी आकडेदार सुईही आपल्याकडे आहे, आणि तिला स्वतंत्र नाव आहे: आरी. धारावीत जरीकामाच्या एका कारखान्यात मी ती जवळून पाहिली. अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, कापड ताणून बसवलेलं. कारागिराचा डावा हात खाली दोरा धरून, उजव्या हातातली आरी वरून कापडात शिरते, मनगटाच्या हलक्या झटक्यानं दोऱ्याचा फास वर ओढून आणते, आणि त्याच फासातून पुढचा फास. साखळी टाका! क्रोशातली साखळीही अशीच एका फासातून दुसरा काढत होते, फक्त मधे कापड नसतं. चांभाराचं कातडं टोचायचं हत्यारही आरीच, आणि कच्छच्या मोची भरतकामाची आरी त्याच घरातली. बैल हाकायच्या पराणीच्या टोकाची 'आर' शेतकऱ्यांना माहीत असेल. मुळातला 'आरा' हा शब्द टोचणीच्या अर्थानं थेट ऋग्वेदात, पूषन् देवाच्या सूक्तात (६.५३) आहे. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्यानं 1830 साली पेटंट घेतलेलं शिलाई मशीनसुद्धा आकडेदार सुईनं साखळी टाकाच घालायचं.

मग 'आकडी' का नको? 'आकडी आली' म्हटलं की आपल्याला झटका आठवतो, हे एक. झाडावरचे आंबे काढायची आकडीही आहेच, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण मोठं कारण वेगळं आहे. फ्रेंचमध्ये 'क्रोशे' म्हणजेच लहानसा आकडा. तिथे हत्याराचं नाव कामाला मिळालं, आणि आपण कामाचं नाव घेऊन हत्याराला पुन्हा 'सुई' जोडली. 'क्रोशाची आकडी' म्हणाल तर ती आकड्याची आकडी होईल! 'क्रोशाची सुई'मध्ये आकडाही आला आणि सुईही आली. काकूंचा शब्द मुळीच बदलू नका.

जाता जाता लेखनाचं. 'क्रोश्याची' असंही लिहिलेलं दिसतं. मी 'क्रोशाची' लिहितो. पैसा-पैशाचा, ससा-सशाचा यांत य जसा श मध्ये विरघळतो, तसाच इथेही. 'क्रोशे' मात्र मराठी कानाला 'क्रोशा'चं अनेकवचन वाटतं, म्हणून 'क्रोशा'च बरा.

आणि दादरला सुई घ्यायला गेलात तर दुकानदार आधी 'कितव्या नंबरची?' विचारेल. स्टीलच्या बारीक सुयांचा जुना नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. मिलिमीटरमध्ये मागाल तर उलट. रुमालाच्या दोऱ्यासाठी हवी की लोकरीसाठी, एवढं काकूंना विचारूनच निघा.