मॅक्रोसाठी आधी फोकसिंग रेल घ्या

मॅक्रोसाठी, म्हणजे छोट्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायला, तुमचा ट्रायपॉड चांगला आहे, तर त्यावर पहिली भर फोकसिंग रेलची घाला. ही ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी सरकती पट्टी. १:१ मॅग्निफिकेशनला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान ठेवलं तरी फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम १.३ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. तिथे लेन्सची रिंग फिरवली की फ्रेमही बदलते, आणि ट्रायपॉडचे पाय सरकवत बसलात तर वैतागून जाल. रेलच्या स्क्रूने अख्खा कॅमेरा केसभर पुढे-मागे नेता येतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, थरथर वाढते. जमिनीलगतच्या फुलांसाठी पाय सपाट पसरणारा ट्रायपॉडच हवा. एरवी २ सेकंदांचा टायमर पुरतो. वाऱ्यात मात्र रिमोट लागतोच, कारण झुळूक ओसरली की त्याच क्षणी शटर दाबायचं असतं. देठाला आधाराचा चिमटा लावलात, तर तो अगदी सैल ठेवा. फोटो हुकला तरी चालेल, देठ चिरडायला नको.