कोपऱ्यातला कर्णा: बास हॉर्नविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोपऱ्यात बसणारा बास हॉर्न बांधायचा आहे. ५० हर्ट्झपर्यंत उतरायला हवा, पण कपाटाएवढा नको. जमेल?

दोन्ही एकदम नाही. बास हॉर्न म्हणजे स्पीकरपुढचा, तोंडाकडे रुंदावत जाणारा आणि खालचे सूर जोरात पोचवणारा कर्णा. आधी कोपरा काय देतो ते बघू. हॉर्नचं तोंड किती मोठं हवं हे त्याला जिथपर्यंत उतरायचं आहे तिथली तरंगलांबी ठरवते. तरंगलांबीचा वर्ग करून १२.५७ ने भागा, उघड्यावरच्या हॉर्नच्या तोंडाचं क्षेत्रफळ मिळेल. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६.८८ मीटर, म्हणजे तोंड ३.७७ चौरस मीटर. दोन दारांएवढं! कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळून आवाजाला आठव्या हिश्श्याच्या अवकाशात कोंडतात, म्हणून तोंडही आठवा हिस्सा पुरतं : ०.४७ चौरस मीटर. चौरस केलं तर ६९ सेंमी बाजू. अमेरिकन अभियंता पॉल क्लिप्शने १९४० च्या दशकात हेच साधलं. त्याच्याआधी, १९३० च्या दशकात, ब्रिटनमध्ये अभियंता पॉल व्हॉइटनेही घरगुती कोपरा-हॉर्न केला होता.

तरी ५० हर्ट्झ महागच पडतो. घसा, म्हणजे स्पीकरजवळचं अरुंद टोक, ३३० चौरस सेंमीचा धरून (हा आकडा कुठून आला ते पुढच्या उत्तरात) घातांकी, म्हणजे ठरावीक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणाऱ्या, हॉर्नचा हिशेब असा येतो : ५० हर्ट्झला लांबी १४६ सेंमी आणि आतली हवा २४० लिटर; ६० ला १०५ सेंमी आणि १३४ लिटर; ७० ला ७८ सेंमी आणि ८१ लिटर. वीस हर्ट्झ आणखी खाली उतरण्यासाठी आकारमान तिप्पट होतं, ते या व्यवहारातलं व्याज समजा. आमचं मत ६० च्या बाजूने. त्याखालचा भाग वेगळ्या सबवूफरकडे, म्हणजे सर्वांत खोल सुरांच्या स्पीकरकडे, सोपवा. तोंड छाटून, कागदावर मात्र '५० चा हॉर्न' म्हणवून घेणारे आराखडे टाळा. छोट्या तोंडावरून आवाज परत घशाकडे उलटतो आणि काही सूर मोठे, काही दबके असे चढउतार येतात.

६० हर्ट्झला क्षेत्रफळ दर ३१.६ सेंमीला दुप्पट होतं. सुरुवातीला ३३०, मग ६६०, १३२०, ९५ सेंमीवर २६४० आणि तोंडाशी सुमारे ३२७० चौरस सेंमी. हे आकडे फळीवरच लिहून ठेवा. मोजमाप हॉर्नमधल्या हवेच्या मार्गाच्या मध्यरेषेला काटकोनात घ्यायचं. वळणावर तिरकं मोजलं की आकडा फुगतो आणि मार्ग प्रत्यक्षात चिंचोळा होतो. हॉर्न पेटीत मावावा म्हणून मार्गाला घड्या घालताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

प्रश्न : त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे पडदा आणि चुंबकाचा मूळ स्पीकर, कसा निवडायचा? त्याच्या मागची बंद पेटी किती लिटरची?

भक्कम चुंबकाचा, म्हणजे कमी क्यूटीएसचा. क्यूटीएस हा पडद्याच्या डोलण्याला आवर किती कमी आहे ते सांगणारा आकडा. घरगुती सबवूफरचे लांब हालणारे जड पडदे इथे उपयोगाचे नाहीत. उदाहरणादाखल १२ इंची ड्रायव्हर घेऊ : अनुनाद (पडदा ज्या सुराला आपोआप डोलतो तो) ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३०, व्हीएएस (पडदा तोलून धरणाऱ्या सस्पेन्शनइतकीच ताठ वागणारी हवा) १५० लिटर.

घशाचं क्षेत्रफळ = ६.२८ × अनुनाद × क्यूटीएस × व्हीएएस ÷ ध्वनीचा वेग. व्हीएएस घनमीटरमध्ये आणि वेग सेकंदाला ३४४ मीटर घेतला तर उत्तर ०.०३३ चौरस मीटर. वरचा ३३० चा आकडा तिथूनच आला. पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ५३० चौरस सेंमी असतं, म्हणजे दाब १.६ पट. ठीक आहे.

वरच्या टोकाची मर्यादा = २ × अनुनाद ÷ क्यूटीएस, इथे २६७ हर्ट्झ. त्यानंतर पडद्याच्या वजनामुळे आवाज हळूहळू उतरू लागतो, म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे वरचा आवाज दुसऱ्या स्पीकरकडे सोपवायची जागा, ३००-३५० च्या आसपास बरा. पडदा आणि घसा यांच्यामधली पोकळीही वरची बाजू कापते. ७ लिटर झाली की ५०० हर्ट्झपाशीच कात्री लागते, तेव्हा ती दोन-तीन लिटरच्या वर जाऊ देऊ नका.

मागच्या पेटीचं काम नुसतं झाकायचं नाही. खालच्या टोकाला घशातली हवा पडद्यावर वजनासारखी बसते. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागून ते वजन फेडते. त्यासाठी लागणारा आकार = घसा × वेग ÷ (६.२८ × कटऑफ). कटऑफ म्हणजे हॉर्न जिथपर्यंत उतरतो ते खालचं टोक; ६० हर्ट्झ धरला तर सुमारे ३० लिटर. पण ड्रायव्हरच्या सस्पेन्शनचा ताठपणाही त्याच स्प्रिंगमध्ये जमा होतो. तो वजा करायला ३० × १५० ÷ (१५० − ३०) करा, म्हणजे सुमारे ३८ लिटर. ड्रायव्हरने आणि आडव्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा यात मोजलेली नाही, ती वर धरा. आत कापूस ठासू नका, भिंतींना पातळ थर पुरे.

प्रश्न : १८ मिमी प्लायवुडचा हॉर्न तयार केला, पण बास पोकळ येतो. भिंतीच्या तळाशी पट्टी आहे, म्हणून मागे दीड सेंमी फट राहते. एक भिंत जिप्सम बोर्डाची आहे.

फटच बघा. मीटरभर उंच आणि दीड सेंमी रुंद फट म्हणजे १५० चौरस सेंमी. दोन्ही बाजू मिळून ३००, जवळजवळ घशाएवढं भोक! जिथे भिंत हीच हॉर्नची शेवटची बाजू असते, तिथे हे चालत नाही. तळपट्टीसाठी पेटीच्या खालच्या कडेला खाच घ्या आणि उभ्या कडांना दाबली जाणारी २०-२५ मिमी जाडीची बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा. कोपरा काटकोनात नसेल, आणि बहुधा नसतोच, तर मागची बाजू प्लायने बंद करून हॉर्न स्वतःपुरता पूर्ण करणंच बरं.

जिप्समची भिंत : ६० ते १०० हर्ट्झचा सूर हळूहळू सरकवत तळहात भिंतीला लावा. हाताला थरथर जाणवली तर तेवढी ऊर्जा भिंत खातेय. मागच्या उभ्या आधारांना पकडून १८ मिमी प्लाय स्क्रूने घट्ट बसवा. नुसती चिकटवलेली फळी काही दिवसांनी खडखडते.

शेवटी मागच्या पेटीची गळती. ३० हर्ट्झचा सूर बारीक आवाजात लावून झाकणाच्या कडेने ओलं बोट फिरवा. फुंकर लागली की गळती सापडली. झाकणाला गॅस्केट आणि दर १० सेंमीला एक स्क्रू हवा.

प्रश्न : ३५० हर्ट्झला मधल्या सुरांच्या मिड हॉर्नशी जोडलं आहे. आवाजाच्या आलेखात तिथेच मोठा खड्डा दिसतो.

बास हॉर्नची वाट १०५ सेंमी आणि मिडची ४० सेंमी असेल, तर बासचा आवाज ६५ सेंमी मागून येतो, म्हणजे १.९ मिलिसेकंद उशिरा. ३५० ला तरंगलांबी ९८ सेंमी, म्हणजे दोन तृतीयांश चक्राची चूक. डिजिटल क्रॉसओव्हर असेल तर मिडला टेपने मोजलेल्या अंतराइतका उशीर द्या. मग मिडच्या तारा उलट्या जोडून उशीर थोडा-थोडा हलवत सर्वांत खोल खड्डा शोधा (उलट्या तारांवर दोन्ही आवाज नेमके जुळले की एकमेकांना मारतात), तो सापडला की तारा पुन्हा सुलट करा. सुरुवात टेपनेच करायची, नाहीतर एका पूर्ण चक्राने, २.९ मिलिसेकंदांनी, चुकलेलं उत्तरही बरोबर वाटतं.

उशीर जुळवूनही खड्डा राहिला, तर वळण तपासा. काटकोनी वळणात आतली आणि बाहेरची वाट यांत मार्गाच्या रुंदीच्या साधारण दीडपट फरक पडतो. मार्ग ३२ सेंमी रुंद असेल तर फरक ४८, म्हणजे ३५० च्या अर्ध्या तरंगलांबीएवढा, आणि दोन्ही वाटा एकमेकींना मारतात. बाहेरच्या कोपऱ्यात ४५ अंशांची फळी लावा किंवा मार्ग दोन अरुंद वाटांत विभागा.

प्रश्न : स्टिरिओसाठी दोन हॉर्न करायचे होते, पण एकाच कोपऱ्यात जागा आहे, दुसऱ्या कोपऱ्यात दार आहे. काय करावं?

मग एकच हॉर्न करून त्यावर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा बास एकत्र द्या, पण फक्त १००-१२० हर्ट्झपर्यंत, वर गेलात तर आवाज त्या कोपऱ्यातून येतोय हे कळतं. कोपऱ्यातून खोलीचे सगळे अनुनाद जोरात उठतात. त्यामुळे बसायची जागा ऐन मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून नको. इक्वलायझरने (सुरासुराची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) फक्त उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका.