मधलं काही गाळू नकोस

तुझी तक्रार कळली. डेफटोन्स या अमेरिकन रॉक बँडच्या ‘व्हाइट पोनी’ अल्बममधलं ‘एलिट’ अंगावर येतं म्हणून आवडतं आणि ‘टीनएजर’ लागलं की बोट पुढच्या गाण्याकडे वळतं. वर प्रश्न असा, की याला मेटल, म्हणजे जड गिटारचं आक्रमक रॉक, म्हणायचं तरी कसं? नको म्हणूस. मित्रांची तोंडं बंद करायची असतील तर ‘एलिट’ला २००१ साली मेटलचं ग्रॅमी मिळालं, एवढं सांग. पण मधलं काही गाळू नकोस.

‘डिजिटल बाथ’ पुन्हा लाव. आधी नुसते एब कनिंगहॅमचे ड्रम, मग चिनो मोरेनोचा कानाशी बोलल्यासारखा आवाज. गिटार कोसळते तेव्हा आता हा किंचाळणार असं वाटतं, आणि हा सूर लांबवत बसतो! गिटारचं वजन त्या संथ सुरामुळेच जाणवतं. मागे फ्रँक डेलगाडो काय करतोय तेही ऐक. तो स्क्रॅचिंग, म्हणजे टर्नटेबलवर रेकॉर्ड मागेपुढे घासून काढलेला आवाज, मिरवत नाही, फटी भरतो. या गाण्याला लागूनच ‘एलिट’ येतं. तू ते एकटं उचलून ऐकतोस म्हणजे त्याची निम्मी धार घालवतोस. ‘टीनएजर’चंही तेच. अकूस्टिक गिटारचं ते हळवं गाणं ‘स्ट्रीट कार्प’ आणि ‘नाइफ पार्टी’च्या मध्ये मुद्दाम आहे. गाळू नकोस.

आणखी एक. तुझ्याकडची प्रत ‘बॅक टू स्कूल’ने सुरू होते का? मग अल्बम मूळ क्रमाने ऐकलाच नाहीस. जून २००० मध्ये तो आला तेव्हा सुरुवात ‘फेइतिसेइरा’ने होती. कंपनीला चटकन खपणारं काहीतरी हवं होतं, म्हणून शेवटच्या ‘पिंक मॅगिट’मधून हे आटोपशीर गाणं काढलं आणि त्याच वर्षी नव्या आवृत्तीत सगळ्यात पुढे बसवलं. शेवट आधीच उरकून टाकला की सात मिनिटांच्या त्या संथ गाण्यापर्यंत थांबायचं कोणी?

मी हेकट आहे, असं लोक म्हणतात. गाणं अर्ध्यावर बदललं म्हणून मी मैफलीतून उठून गेलोय, सोबत ऐकणारे एकदोन चांगले मित्र त्यात दुरावले. त्याची खंत आहे. पण दर दोन मिनिटांनी रिमोट शोधणाऱ्यांबरोबर काय ऐकायचं होतं, सांग ना?

तुला मात्र रागावत नाहीये. आवडलं नाही तरी चालेल, पण ‘फेइतिसेइरा’पासून ‘पिंक मॅगिट’पर्यंत ऐक आणि मग लिही. ‘टीनएजर’ गाळलंस तर पत्र पाठवायची तसदी घेऊ नकोस.