कशाभिका वळवळते की फिरते?

प्रश्न असा आला आहे: पेशीच्या पृष्ठभागावरच्या, हालचालीसाठीच्या केसासारख्या तंतूंना पक्ष्माभिका (सिलिया) आणि कशाभिका (फ्लॅजेला) म्हणतात, त्यांत फरक काय, आणि जिवाणूच्या शेपटीलाही कशाभिकाच म्हणायचे का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, कशा म्हणजे चाबूक. आखूड आणि दाट असतील तर पक्ष्माभिका. लांब आणि एकदोनच असतील तर कशाभिका. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या अंगभर पक्ष्माभिका असतात, शुक्राणूला एकच कशाभिका. पण हा फरक वरवरचा. आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दोन्हींत तीच मांडणी दिसते: कडेने सूक्ष्मनलिकांच्या (प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्यांच्या) ९ जोड्या, मध्ये २ सुट्या नलिका. डायनीन ही प्रथिने एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन) खर्चून एक जोडी शेजारच्या जोडीवरून सरकवू पाहतात. जोड्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने त्यांना सरकता येत नाही, म्हणून सगळा जुडगा वाकतो.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण जिवाणूच्या कशाभिकेत यातले काहीच नसते. ती फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची, मळसूत्रासारखी पीळदार तार असते. जाडी साधारण २० नॅनोमीटर. पक्ष्माभिका तिच्या दहापट जाड भरते. जिवाणूची कशाभिका आपणहून वाकत नाही. पेशीच्या आवरणात बसलेली मोटर तिला गरगर फिरवते, आणि ही मोटर चालते ती आत येणाऱ्या आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) ओघावर, बहुधा प्रोटॉनांच्या. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे फिरणे मांडले. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी कशाभिका काचेला जखडून टाकली, तर जिवाणूचे अख्खे शरीरच फिरू लागले! इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

तेव्हा 'चाबूक' जिवाणूला शोभत नाही. तरी रूढ झालेला शब्द मोडू नये, असे माझे मत आहे. क्रियापद मात्र जपून वापरावे. शुक्राणूची कशाभिका वळवळते, जिवाणूची फिरते. 'जिवाणू कशाभिकेचे फटकारे मारत पोहतो' हे वाक्य सरळ चूक आहे.

जुन्या वनस्पतिशास्त्रीय लिखाणात याच तंतूंसाठी केसल, प्रकेसल हे शब्दही भेटतात, तेही चालतील.

छद्मपादाबद्दलही, म्हणजे अमीबा ज्याच्या आधारे सरकतो त्या 'खोट्या पाया'बद्दलही, क्रियापद असेच जपून वापरावे. तो कायमचा अवयव नव्हे. अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर पेशीचाच थोडा भाग पुढे लोटला जातो आणि काम झाले की मागे घेतला जातो. म्हणून 'अमीबाला छद्मपाद असतात' यापेक्षा 'अमीबा छद्मपाद काढतो' हे नेमके.