कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा) फक्त खेळाडूंनाच होतं का? सामान्य लोकांत त्याचं प्रमाण किती असतं?

भरपूर असतं. मोजलं जात नाही, एवढंच. 2019 मध्ये लॉर्ड्सवरच्या क्रिकेट कसोटीत आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथला लागला आणि कन्कशनमुळे त्याच्या जागी लाबुशेन खेळायला आला, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तेच घरातल्या बाईला झालं की मात्र नाटक.

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरून डबे काढताना मी स्टुलावरून पडले. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. रक्त नाही, शुद्धही हरपली नाही, फक्त कानामागे हे एवढं टेंगूळ. अर्ध्या तासात उलटी झाली आणि मी "गॅस बंद केला का?" हे एकच पुन्हा पुन्हा विचारायला लागले (मला आठवत नाही, मुलीने सांगितलं). सिटी स्कॅन नॉर्मल आला. झालं! जाऊबाईंनी रिपोर्ट वाचून निकाल दिला, "काही झालेलं नाही. फराळाच्या वेळेला बरी चक्कर येते." इकडे मिक्सर सुरू झाला की मला मळमळायचं, मोबाइलकडे बघवत नव्हतं, बोलता बोलता साधे शब्द सापडत नव्हते.

कन्कशनमध्ये सिटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. स्कॅन बघतो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही. शुद्ध हरपणंही जरुरीचं नाही, बहुतेकांची हरपत नाही. म्हणून माणसं दवाखान्यात जातच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने 2004 मध्ये अंदाज मांडला होता: मेंदूच्या सौम्य इजेसाठी (कन्कशन त्यातच येतं) लाखामागे वर्षाला 100 ते 300 जण रुग्णालयात उपचार घेतात, आणि खरा आकडा बहुधा 600 च्या वर आहे. म्हणजे निम्मे तरी घरीच हळद लावून बसतात. त्यातल्या किती जणी दुसऱ्या दिवशी चकल्या तळायला उभ्या राहतात, ते कोणी मोजत नाही.

एक-दोन दिवस नीट विश्रांती, मग हळूहळू रोजची कामं. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. तोवर पाहुण्यांना विकतचा फराळ द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. सारखी उलटी, वाढती गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातापायात अशक्तपणा यांपैकी काहीही असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. जाऊबाईंना विचारत बसू नका.