‘पेशंट कुठे आहे?’

पत्र:

ताई, मी सदतीस वर्षांचा ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या नोंदीत मुलगी. नऊ वर्षं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घेतोय. छातीची शस्त्रक्रिया झाली आहे, गर्भाशय आणि अंडाशय मात्र आहेत. पाळी पहिल्याच वर्षी थांबली होती. गेल्या तीन महिन्यांत चार वेळा डाग दिसले आणि ओटीपोटात उजवीकडे सारखं जड वाटतं. दोन वर्षांपूर्वी लघवीला जळजळ होत होती म्हणून एका रुग्णालयात गेलो. फाइलवर जुनं नाव होतं, तेच खणखणीत आवाजात पुकारलं. मी उठलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही नवरा का? पेशंट कुठे आहे?’ मीच पेशंट म्हटल्यावर सगळी बाकं वळून बघायला लागली. आत डॉक्टरांनी जळजळीचं विचारायच्या आधी विचारलं, ‘हे असं केव्हापासून वाटतं तुला? घरी कुणी समजावलं नाही?’ आणि शेवटपर्यंत मला ‘आलीस, घेतेस’ करत राहिले. तपासणी न करताच मी बाहेर पडलो. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. मोठी बहीण म्हणते, तक्रार कर, जाहीर लिही, तू गप्प बसलास तर पुढच्याचं काय? मला लढायचं नाहीये, ताई. पण आता भीती वाटायला लागली आहे. काय करू?
— फाइलीतला मी

उत्तर:

तुझ्या पत्रात तीन गोष्टी आहेत: अपमान, बहीण आणि रक्त. तू त्या याच क्रमाने मनात घोळवतोयस, असं दिसतं. मी उलट्या बाजूने सुरुवात करते.

वर्षानुवर्षं पाळी बंद असताना टेस्टोस्टेरॉनवर पुन्हा अंगावर गेलं, तर ते तपासायलाच हवं. ‘बघू अजून एक महिना’ असं म्हणायचं नाही. कारणं बहुतेकदा साधी असतात. डोस चुकला किंवा कमी पडला, आतलं अस्तर फार पातळ होऊन त्यातूनच रक्त आलं, संसर्ग झाला, पॉलिप किंवा फायब्रॉइडसारखी साधी गाठ असली. संबंधांतून गर्भधारणेची शक्यता असेल तर तेही सांगायचं, कारण टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे; पाळी बंद असतानाही दिवस राहू शकतात. आणि क्वचित कर्करोग. हा शब्द मी मुद्दाम शेवटी लिहिला, पण गाळला नाही, कारण रात्री तू तोच शोधत बसत असशील. तीन महिने अंगावर काढलेस, ते पुरे झाले. येत्या आठवड्यात वेळ घे. एका तासात पॅड भिजेल इतकं गेलं, चक्कर आली, ताप चढला किंवा पोटात असह्य कळ आली, तर वेळबिळ घेत बसू नकोस, त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. आणि घाबरून टेस्टोस्टेरॉन स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. कधी, किती घेतलंस, कधी चुकलं, हे एका कागदावर लिहून ने. तो कागद डॉक्टरांना तुझ्या आयुष्याच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता अपमानाकडे येते. इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे सदर लिहायला लागण्याआधी मी अकरा वर्षं एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलामागे बसत होते. एकदा फाइलीवर पुरुषाचं नाव आणि समोर एक बाई. मी विचारलं, ‘नक्की तुमचीच फाइल?’ ती हो म्हणाली. मी परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिसरा ‘हो’ इतका हळू आला की मला तो तिच्या ओठांवरूनच कळला. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. फायली बदलतात, भलत्याला भलतं इंजेक्शन जातं, त्यामुळे ओळख पटवणं हे माझं कामच होतं. पण जन्मतारीख विचारली असती तरी ते काम एका वाक्यात झालं असतं. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा ती निघून गेली होती. ती आली होती घोटा मुरगळला म्हणून.

तुला ‘नवरा का?’ विचारणाऱ्या बाईंची बाजू मी घेत नाहीये. टेबलामागच्या माणसाला सुधारता येतं आणि त्याला फार काही लागत नाही, एवढंच सांगतेय. आपल्या भाषेचीच गंमत बघ. मराठीत क्रियापद चहाडी करतं. इंग्रजीत माणूस ‘यू’वर निभावून नेतो. आपल्याकडे ‘आलास’ की ‘आलीस’, ‘घेतोस’ की ‘घेतेस’ हे दर वाक्याला ठरवावं लागतं. तुझ्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत तुला किती वेळा ‘ली’ आणि ‘ते’ लावलं असेल, आणि प्रत्येक वेळी तुझ्या आत काय झालं असेल, याची मी कल्पना करू शकते. पण याच भाषेत सुटकेची वाटही आहे: तुम्ही. ‘तुम्ही कधी आलात, काय घेता, कुठे दुखतं.’ समोर कोण बसलंय हे माहीत नसलं तरी एकही वाक्य चुकत नाही. अनोळखी प्रौढ माणसाला अहो-जाहो करायचं हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पांढरा कोट चढवला की काही लोक ते विसरतात. (तुला मी ‘तू’ म्हणतेय, कारण तुझ्या आईच्या वयाची आहे. आवडलं नाही तर कळव.)

‘घरी समजावलं नाही का’ याचंही उत्तर देऊन टाकते. ते तुला त्या खोलीत द्यायचं नव्हतं, पण मनात असलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019मध्ये मंजूर झाली आणि 2022पासून लागू आहे. पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, असण्याशी संबंधित नोंद त्यात मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. ती नोंद काढूनच का टाकली नाही? तर उपचारांना कागदावर आधार राहावा म्हणून. हा बदल डॉक्टरांच्याच पुस्तकात झालेला आहे. लघवीच्या जळजळीसाठी आलेल्या माणसाला त्याच्या मनाची चौकशी लावणं हे त्या डॉक्टरांचं जुनं राहिलेलं वाचन होतं. त्याचं ओझं तू दोन वर्षं वाहतोयस.

एक गोष्ट सांगू की नको, असा विचार करत होते. सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात रॉबर्ट ईड्स नावाचा ट्रान्स पुरुष होता. 1996मध्ये त्याला अंडाशयाचा कर्करोग असल्याचं कळलं. डझनाहून अधिक डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार करायला नकार दिला. काहींना म्हणे भीती होती की दाढीवाला माणूस स्त्रीरोगाच्या प्रतीक्षाकक्षात बसला तर बाकीच्या रुग्ण बायकांना कसंसंच होईल. उपचार मिळेपर्यंत रोग पसरलेला होता. 1999च्या जानेवारीत तो गेला. तुला घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्याला नकार मिळाला, तो दारोदार फिरला. तुझ्या बाबतीत दार लावून घेतलंय ते आतून. लावण्याचं कारण तुझ्याकडे आहे, मला मान्य आहे. पण कडी तुझ्या हाताच्या बाजूला आहे.

मग कसं जायचं? आधी फोन कर. स्वतः नको वाटलं तर बहिणीला करू दे. तिला काहीतरी करायचंच आहे, हे करू दे. बोलायचं ते इतकंच: ‘पेशंट ट्रान्स पुरुष आहेत, गर्भाशय आहे, टेस्टोस्टेरॉनवर आहेत, रक्तस्राव होतोय. फाइलवरचं नाव वेगळं आहे, कृपया आडनावाने किंवा नंबरने बोलवा. डॉक्टर अशा पेशंटला तपासतात का?’ पलीकडचा माणूस अडखळला तर हरकत नाही, अडखळून ‘विचारून सांगते’ म्हणणारी बाई चालेल. हसणारा नको. तिथे फोन ठेवायचा आणि दुसरा नंबर लावायचा. हे सगळं फोनवर उरकलं की बाकावरच्या लोकांना वळून बघायला काही उरत नाही. शक्य असेल तर दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ माग. दारावर ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’ अशी पाटी असेल आणि ती तुला खुपेल. मलाही ती पाटी अपुरी वाटते. रोग अवयवाला होतो. पण आज त्या पाटीशी भांडू नकोस, तिच्याखालून आत जा.

आत गेल्यावर पहिलं वाक्य रक्ताचं असू दे. ‘नऊ वर्षं टेस्टोस्टेरॉन, पाळी बंद, तीन महिन्यांत चार वेळा डाग, उजवीकडे जडपणा.’ यात तुझी ओळख आपोआप येते, वेगळी उकलून सांगावी लागत नाही. कुणी गाडी दुसरीकडे वळवायला लागलं तर एक प्रश्न लक्षात ठेव: ‘याचा माझ्या रक्तस्रावाशी संबंध आहे का?’ कधीकधी खरंच असतो. संबंध कसे, कुणाशी, हे विचारणं वैद्यकीय असू शकतं. नसेल तेव्हा विचारणाराच गडबडतो.

सोनोग्राफी सांगतील. ती आतून करतात आणि पोटावरूनही करता येते. आतून नको असेल तर तसं सांग. चित्र थोडं कमी स्पष्ट येतं, पण सुरुवात होते. आतून तपासावंच लागलं तर लहान आकाराचं उपकरण माग, घाई करू नका म्हण, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं हे आधीच ठरवून घे. टेस्टोस्टेरॉनने तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यामुळे इतरांपेक्षा तुला जास्त दुखू शकतं. यात तू नाजूक आहेस असं काही नाही, औषधाचा तो गुण आहे. गर्भाशयमुखाचा नमुना घेतला तर प्रयोगशाळेच्या फॉर्मवर टेस्टोस्टेरॉनचा उल्लेख करायला लाव, कारण त्याने पेशींचं रूप बदलतं आणि ‘नमुना अपुरा’ असा शेरा येण्याचं प्रमाण वाढतं. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू, त्याच्या चाचणीसाठी नमुना स्वतःच घेण्याचा पर्यायही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे. पुढच्या नेहमीच्या तपासण्यांसाठी तो तुला वरदान ठरेल. पण आत्ता त्याच्या आड लपू नकोस. तो चाचणीचा प्रकार लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. तुला लक्षण आहे.

आणि फाइल. तुझं टोपणनाव वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. फाइलीतल्या त्या एका चौकोनावर फार ओझं टाकलेलं असतं. ‘स्त्री’ लिहिलं तर नऊ वर्षांच्या टेस्टोस्टेरॉनने वाढलेलं तुझं हिमोग्लोबिन बायकांच्या मोजमापाने ‘जास्त’ म्हणून लाल शाईत येतं आणि नवा डॉक्टर दचकतो. ‘पुरुष’ लिहिलं तर गर्भाशयमुखाची तपासणी कुणाला सुचतच नाही; इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं हेच होत आलं, नोंद ‘पुरुष’ झाली की तपासणीचं आपोआप येणारं बोलावणं बंद. ट्रान्स बायकांचं याच्या उलट. शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, आत राहते, आणि फाइलवर ‘स्त्री’ असल्यावर तिच्याबद्दल कोण विचारणार? म्हणून जाणते डॉक्टर चौकोनाखाली अवयवांची यादी ठेवतात: काय आहे, काय काढलं, काय घेतो. तुझ्या डॉक्टरांकडे तशी पद्धत नसेल तर तूच तीन ओळी लिहून फाइलीच्या पहिल्या पानाला टाचणी लाव. छातीच्या शस्त्रक्रियेनंतरही स्तनाची थोडी ऊती उरते, तेही लिही.

आता बहीण. ती प्रेमापोटी बोलतेय, पण ‘पुढच्याचं काय’ हा प्रश्न आजारी माणसाच्या उशाशी विचारायचा नसतो. तुझं शरीर चळवळीचा फलक नाही. तू फक्त बरा झालास आणि आयुष्यात एकही जाहीर ओळ लिहिली नाहीस, तरी कुणाचं काही देणं लागत नाहीस. हे तिला माझ्या नावावर सांग.

तरीही एक माणूस मला आठवतो. सॅन फ्रान्सिस्कोचा लू सुलिव्हन. ट्रान्स पुरुष आणि समलिंगी. त्या काळातल्या लिंगबदलाच्या उपचार केंद्रांनी त्याला परत पाठवलं, कारण पुरुष व्हायचं म्हणजे बायकांकडेच ओढा हवा, अशी त्यांची समजूत. तो काय करायचा, तर पत्रं लिहायचा. डॉक्टरांना, केंद्रांना, कुठेतरी एकट्या बसलेल्या तुझ्यासारख्यांना. 1986मध्ये त्याने ट्रान्स पुरुषांचा एक गट सुरू केला. 1991मध्ये एड्सने गेला तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. ट्रान्स पुरुष समलिंगी असू शकतो हे तज्ज्ञांना पटवून देण्यात त्या पत्रांचा मोठा वाटा आहे. तू पत्र चांगलं लिहितोस. कधी वाटलं, वर्षाने किंवा पाच वर्षांनी, तर त्या रुग्णालयाला एक पानाचं पत्र लिही: त्या दिवशी काय म्हटलं गेलं आणि त्याऐवजी काय म्हणता आलं असतं. नाव न घालता लिहिलंस तरी चालेल. नाही वाटलं तर नको.

बहिणीला बरोबर ने. तिला तोंड उघडायचं नाही एवढी अट घाल, अगदी तू खूण करेपर्यंत. सोनोग्राफी पोटावरून असेल तर आधी भरपूर पाणी पिऊन जावं लागतं, आणि मग आत बोलवेपर्यंत लघवी रोखून बसायचं. त्या अर्ध्या तासात अपमानाचा विचार करायला फारशी उसंत मिळत नाही, मी स्वतः बसलेली आहे. डोसांचा कागद वरच्या खिशात ठेव. फोन सोमवारी सकाळी कर, दुपारपर्यंत नेऊ नकोस. रिपोर्ट आला की मला कळव.